संडे स्कूल घेते, पण आतून काहीच वाटत नाही

पत्र:

सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासून आहे. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण पंधराव्या वर्षी, आणि गेली बारा वर्षं मी मंडळीत (चर्चमध्ये) मुलांचं संडे स्कूल घेते. वचनं तोंडपाठ आहेत. पण 'येशू माझ्या पापांसाठी मेला' हे वाक्य आता नुसतं तोंडातून निघतं, आत काही पोचत नाही. उन्हाळ्यात माझ्या भाच्याने युवक शिबिरात साक्ष दिली, म्हणजे प्रभू आपल्याला कसा भेटला ते सगळ्यांसमोर सांगितलं. तो रडला, हसला, आणि मला त्याचा चक्क हेवा वाटला. मी उपवास केले. दोन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या उपदेश-सभांत, हात वर करून प्रभूला पुन्हा स्वीकारलं. दोन दिवस बरं वाटतं, मग परत कोरडं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांचं सगळं मीच केलं होतं, तेव्हापासून झोपही धड नाही. माझं तारण कधी झालंच नव्हतं का? डिसेंबरात पुन्हा कन्व्हेन्शन आहे, जाऊ का?

उत्तर:

ताई, सलाम. कन्व्हेन्शनचं शेवटी बोलू. आधी तुमच्या पत्रात एकमेकांत अडकलेले दोन प्रश्न सुटे करायला हवेत. माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय का, हा एक. मला त्याचा आनंद का होत नाही, हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचं उत्तर काढताय, आणि निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो.

स्तोत्र ५१ उघडा. दावीद राजाने उरीयाच्या बायकोशी, बथशेबेशी, व्यभिचार केला आणि उरीयाला मारवलं; मग नाथान संदेष्टा त्याचं पाप दाखवायला आला, त्यानंतरचं हे स्तोत्र. बाराव्या वचनात दावीद तारणाचा आनंद मागतो, आणि तो 'पुन्हा' दे म्हणतो. म्हणजे देवाच्या माणसाचा हा आनंद हरवू शकतो, आणि हरवल्यावर तो सरळ देवाकडे मागता येतो. तो हरवला म्हणजे आधी काही नव्हतंच, असा निष्कर्ष दावीद काढत नाही. तुम्हीही काढू नका.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्लिश पाळक जॉन वेस्ली, त्याचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. १७३८ च्या २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना त्याला आपलं हृदय ऊबदार झाल्यासारखं वाटलं. दीक्षित पाळक होऊन त्याला तोवर दहा वर्षं झाली होती. ही गोष्ट उपदेशांत नेहमी सांगतात. पुढचा भाग सांगत नाहीत. त्याच दिवसाच्या नोंदीत वेस्ली लिहितो की थोड्याच वेळात मनात शंका आली: हा विश्वास असूच शकत नाही, कारण तुझा आनंद कुठे आहे? त्यावर त्याला उमगलं ते असं की शांती आणि पापावर जय या गोष्टी विश्वासाबरोबर येतात, पण आनंदाचं भरतं देव कधी देतो, कधी राखून ठेवतो. इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या साक्षींपैकी एका साक्षीत, त्याच रात्री, हाच प्रश्न होता.

आता तुमच्याकडे. आनंद आटण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगवेगळे, त्यामुळे आधी नेमकं काय झालंय ते पाहू.

सुरुवात शरीरापासून करा, कारण तुम्ही झोपेचं लिहिलंय. स्वतःला एक प्रश्न विचारा: आनंद फक्त उपासनेतून गेलाय की सगळीकडून? जेवणाची चव, शाळेतली मुलं, मैत्रिणीचा फोन, यांतही राम उरला नसेल, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यासाठी आधी डॉक्टर गाठायला हवा. तुमच्या वयात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावंच, पाळीतले बदलही डॉक्टरांना सांगावेत. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असे विचार येत असतील तर आजच फोन करा. विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात, असं मंडळीत कुणी म्हणालं तर त्यांना १ राजे अध्याय १९ वाचायला सांगा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर. सासूबाईंचं दुःख आणि सेवेचा थकवा या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांना पापाच्या यादीत घालू नका.

दुसरं कारण म्हणजे झाकून ठेवलेलं पाप. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली. कबूल केलं तेव्हा क्षमा मिळाली. आणि तेच स्तोत्र आनंदाच्या हाकेने संपतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. पण एखादी नेमकी गोष्ट, कुणाचे अडकवलेले पैसे, भावजयीशी धरलेला अबोला, गेली काही वर्षं मनात टोचत असेल तर ती नावानिशी देवासमोर बोला आणि भरपाई शक्य असेल ती करा. जकातदार जक्कयने लुबाडून घेतलेल्याच्या चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती (लूक १९:८). एक सावधगिरी: स्वतःचं मन हलकं करण्यासाठी, ज्याला काही ठाऊकच नाही अशा माणसाच्या डोक्यावर आपली कबुली नेऊन आदळू नका. आधी पाळकसाहेबांशी बोला.

काहीच टोचत नसेल तर खणत बसू नका. स्वतःच्या आत खोदणं ही ख्रिस्ती माणसाची आवडती चूक आहे. एकोणिसाव्या शतकातले स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मॅकचेन यांनी याचं एक माप घालून दिलंय: स्वतःकडे एकदा बघाल तेव्हा ख्रिस्ताकडे दहादा बघा. हे माप अक्षरशः वापरा. आत्मपरीक्षणाला दोन मिनिटं दिलीत तर शुभवर्तमानाला वीस.

तुमचं खरं दुखणं आम्हाला तिसरीकडेच दिसतं. गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल तिथल्या मंडळीला विचारतो की तुमची ती धन्यता आता कुठे गेली? (४:१५) तिचं कारण पूर्ण पत्रभर दिलंय. त्या लोकांनी ख्रिस्त सोडला नव्हता, त्याच्या कामाला एक अट जोडली होती: सुंता, सणवार, नियम. ख्रिस्ताने केलं ते पुरेसं, पण आणखी हे एक हवं. आणि ते 'आणखी एक' आलं की आनंद जातो, कारण आता सगळी नजर त्या अटीवर खिळते: ती पुरी झाली की नाही?

ताई, तुमची अट आहे 'वाटणं'. उपवास, हात वर करणं, भाच्यासारखं रडू येणं. तुम्ही म्हणताय, ख्रिस्त माझ्यासाठी मेला हे खरं, पण मला काही वाटलं तरच ते माझ्यासाठी. रुजलंय का बघायला रोज रोप उपटून मुळं तपासावीत, तसं चाललंय. दोन दिवस बरं वाटतं ते नव्या प्रयत्नाच्या उत्साहाने. तिसऱ्या दिवशी तपासणी होते आणि पुन्हा नापास. शुभवर्तमान ही बातमी आहे. ती दुसऱ्याने केलेल्या कामाची आहे आणि ते काम तुम्हाला काही वाटण्याच्या आधी पुरं झालंय. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल वेळ नेमकी सांगतो: आपण दुर्बळ असताना, पापी असताना, वैरी असताना. आपल्याला गहिवरून आल्यावर, असं तिथे कुठे नाही.

याला जोडूनच पिढीजात ख्रिस्ती माणसाची खास अडचण येते. लूक अध्याय ७ मध्ये शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाच्या, घरी येशू दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगतो. एकावर पाचशे दिनार, दुसऱ्यावर पन्नास. दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज, म्हणजे पन्नास दिनारही जवळपास दोन महिन्यांची मजुरी. ज्याला जास्त माफ झालं तो जास्त प्रेम करतो, एवढंच आपण लक्षात ठेवतो आणि मनात म्हणतो: भाचा पाचशेवाला, म्हणून रडला. मी पन्नासवाली, मला कसं रडू येणार? पण बेचाळिसावं वचन वाचा. दोघांकडेही फेडायला काहीच नव्हतं. शिमोन अडकला तो इथे. कर्ज लहान असल्याने तो स्वतःला ऋणकरीच समजत नव्हता.

मग लूक १५, हरवलेल्या मुलाचा दाखला: धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उधळतो, परत येतो, आणि बाप मेजवानी करतो. हा अध्याय तुम्ही संडे स्कूलमध्ये दर वर्षी घेत असाल, आणि बहुधा धाकट्या मुलाच्या बाजूने. यावेळी थोरला बघा. तो शेतातून येतोय, म्हणजे कामावर होता. आतून गाण्याचा आवाज येतो, तो चाकराला विचारतो, आणि आत जात नाही. त्याचं गाऱ्हाणं हिशोबाचं आहे: इतकी वर्षं चाकरी केली, करडूसुद्धा मिळालं नाही. घरात राहून, बापाजवळ राहून, तो मजुरासारखा जगला. भाच्याच्या साक्षीच्या वेळी तुम्हाला जो हेवा वाटला तो याच अंगणातला आहे. रागवायला हे लिहीत नाही. पुढचं वचन बघा: बाप बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. त्या एका दिवसात बाप दोनदा घराबाहेर पडला, प्रत्येक मुलासाठी एकदा. आणि म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच.

आणखी एक बारकावा. या अध्यायातल्या तिन्ही दाखल्यांत (हरवलेलं मेंढरू, नाणं, मुलगा) आनंद आधी कुणाला होतो? मेंढपाळाला, नाणं सापडलेल्या बाईला, बापाला. मेंढराला काय वाटलं ते येशू सांगत नाही. धाकटा मुलगा रडला की हसला, तेही नाही. तुमच्या तारणाचा आनंद आधी देवाला झालाय. तुमचा आनंद म्हणजे त्याच्या आनंदात जाऊन बसणं, स्वतःच्या आत तो निर्माण करणं नव्हे.

'माझं तारण कधी झालंच नव्हतं का' या भीतीचंही बोलू. हे होऊ शकतं, ते आम्ही नाकारत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही, आणि आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहिलं. केडगावचं मुक्ती मिशन चालवणारी, मूळ भाषांतून बायबल मराठीत आणणारी बाई हे लिहिते, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही. पण भूतकाळ उकरून तुम्हाला तारीख सापडणार नाही, आणि तिची गरजही नाही. कधी विश्वास ठेवला हे माहीत नसलं तरी आज कुणावर ठेवायचा हे माहीत आहे. येणाऱ्याला मी मुळीच घालवून देणार नाही, या अर्थाचं वचन योहान ६:३७ मध्ये आहे. पूर्वी आलेल्या आणि आज पहिल्यांदा येणाऱ्या, दोघींसाठी ते एकच आहे.

आता करायचं काय. सहा आठवडे धरा, रोज वीस मिनिटं, शाळेला निघण्याआधी, फोन दुसऱ्या खोलीत. एक दोनशे पानी वही घ्या.

त्याआधी काही गोष्टी बंद. तारणाची प्रार्थना पुन्हा करायची नाही. प्रार्थना संपल्यावर 'काही वाटलं का' हे तपासायचं नाही. साक्षींचे व्हिडिओ सहा आठवडे नकोत. झोप बिघडलेली असताना उपवासही नको. संडे स्कूलचा वर्ग शक्य असेल तर या काळापुरता दुसऱ्या कुणाला द्या. बारा वर्षांनी दीड महिन्याची सुटी म्हणजे पळ काढणं नाही. सत्तर शिष्य सेवेच्या यशाने आनंदून परतले तेव्हा येशूने त्यांना आनंदाचं दुसरं कारण दिलं: तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत (लूक १०:२०). ते कारण वर्ग न घेणाऱ्यालाही लागू पडतं.

पहिला आठवडा रोज लूक १५, तोच अध्याय सातही दिवस, मोठ्याने. बत्तीस वचनं आहेत, पाच मिनिटंही लागत नाहीत. तुमची अडचण अशी की वाक्य सुरू झालं की जीभ पुढचं आपोआप म्हणून टाकते. म्हणून नेहमीची आवृत्ती बाजूला ठेवून सोप्या मराठीतली दुसरी घ्या. अनोळखी शब्दाला जीभ अडते आणि कान जागा होतो. मग दहा मिनिटं वहीत फक्त क्रियापदं उतरवा: बापाने काय काय केलं. पाहिलं, कळवळला, धावला, गळ्यात पडला, मुके घेतले. अंगरखा, अंगठी, जोडे, वासरू. मुलाने पाठ करून आणलेलं भाषणही पडताळा: एकोणिसाव्या वचनात 'मला मजुरासारखं ठेवा' हे आहे, एकविसाव्यात ते नाही. तिथवर पोचण्याआधीच बाप चाकरांना हुकूम द्यायला लागलेला असतो. वहीत 'मला काय वाटलं' असा रकाना करू नका. उरलेली पाच मिनिटं आभारांची.

या आभारांत एक गोष्ट बहुतेकांची चुकते. आपण ढोबळ बोलतो: प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा केलीस, धन्यवाद. ढोबळ पापाला ढोबळ क्षमा मिळते आणि तिचा आनंद कुणालाच होत नाही. त्याऐवजी, समजा: मंगळवारी वर्गात त्या मुलाला सगळ्यांसमोर पाणउतारा करून बसवलं, सासूबाईंवर शेवटच्या महिन्यात खेकसले, भाच्याचा हेवा केला. रोज एकच गोष्ट, एका वाक्यात. मग १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) मोठ्याने वाचा, 'हे मिटलं' म्हणा आणि थांबा. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची नाही. असं काही खरंच झालं असेल तर त्या मुलाची शाळेत माफी मात्र मागा.

दुसऱ्या आठवड्यात रोमकरांस ३:९ ते २६ आणि ५:१ ते ११, आलटून पालटून. तिसऱ्यात गलतीकरांस पत्राचे सहा अध्याय, रोज एक, आणि वहीत एकच प्रश्न: मी कुठली अट जोडते? हा आठवडा सर्वांत कंटाळवाणा जातो, बहुतेक जण इथेच सोडतात. वीस जमली नाहीत तर दहा मिनिटं करा, पण खाडा नको. चौथ्यात स्तोत्रं ३२, ५१, १०३, १३०. पाचव्यात मार्क १४ आणि १५, रोज पंधरा-वीस वचनं, अगदी सावकाश; गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांच्या घाईत हे अध्याय नीट ऐकूच येत नाहीत. सहाव्यात फिलिप्पैकरांस पत्र. १०४ वचनं, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. कैदेतून लिहिलेलं पत्र आहे आणि आनंदाचा उल्लेख पानोपानी आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

वाचनाचा हा क्रम मनाने ठरवलेला नाही. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी म्हणजे प्रोटेस्टंट विश्वास प्रश्नोत्तरांत शिकवणारं १५६३ चं पुस्तक; त्यात दुसराच प्रश्न आहे: या समाधानाच्या आनंदात जगण्या-मरण्यासाठी काय काय ठाऊक हवं? उत्तरात तीन गोष्टी: माझं पाप किती मोठं, त्यातून सुटका कशी, आणि त्या सुटकेबद्दल कृतज्ञ कसं राहायचं. तुमच्या मंडळीत पहिली गोष्ट ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि तिसरी वर्षभर सांगितली जात असेल. मधली तुटपुंजी पडते, म्हणून या सहा आठवड्यांत जास्त वेळ तिथेच घालवायचा.

प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, चुकवू नका. आपण कोरडे आहोत म्हणून मागच्या बाकावर बसून राहणारे कितीतरी जण असतात आणि कारण म्हणून १ करिंथ ११ (अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरतो) पुढे करतात. तिथलं अठ्ठाविसावं वचन सांगतं: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी जावं, असं ते सांगत नाही. शनिवारी रात्री दहा मिनिटं काढा, हेवा, थकवा, जे असेल ते देवाला सांगा, आणि रविवारी पुढे या. भाकर हातात पडते तेव्हा तुम्हाला काही वाटतं की नाही, यावर ती भाकर असणं अवलंबून नसतं. तुमच्यासारख्या माणसाला याहून नेमकं औषध नाही, असं आमचं मत आहे.

गाणंही ठेवा. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं नारायण वामन टिळकांचं एखादं गीत निवडा, रोज एकच कडवं, स्वयंपाक करताना. रविवारी चार गीतं म्हणून जे होत नाही ते एका कडव्याने होतं.

आणि बोला. सापडलेल्या मेंढराचा मालक शेजाऱ्यांना बोलावतो. आनंद एकट्याने साजरा करायची सोय त्या अध्यायात नाही. भाच्याला चहाला बोलवा आणि त्याला विचारा की शुभवर्तमानातलं नेमकं काय त्याला भावलं. तो कसा रडला ते विचारू नका. तुम्हाला आलेला हेवा त्याला सांगायची गरज नाही, पण या कोरडेपणाबद्दल एका विश्वासू मैत्रिणीला जरूर सांगा.

काय अपेक्षा ठेवायची? भाच्यासारखं होईलच असं नाही. बहुधा आधी एखादं वचन अडकेल, वाचताना थांबावंसं वाटेल. मग भीती कमी होईल. आनंद त्याच्या मागून येतो, आणि दुःखासकट येतो. पौलाने स्वतःला दुःखी तरी सर्वदा आनंदी म्हटलंय (२ करिंथ ६:१०). सासूबाईंची आठवण येऊन रडू आलं तर ते आनंदाच्या विरुद्ध समजू नका. सहा आठवड्यांनंतरही जैसे थे असेल तर पाळकसाहेबांकडे तासभर वेळ मागा. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढं म्हणून परतू नका. वही घेऊन जा आणि कुठली अट सुटत नाही ते दाखवा.

डिसेंबरच्या कन्व्हेन्शनला जा, मैत्रिणीला घेऊन जा, गाणी म्हणा. उपदेशात ख्रिस्ताने काय केलं ते किती ऐकू येतं आणि तुम्ही काय करायचं ते किती, याची वहीत नोंद करा. शेवटी प्रभूला पुन्हा स्वीकारण्यासाठी हात वर करायला सांगतील, तेव्हा मात्र बसून राहा.